टेबलावरचा मेंदू

मी एक मेंदू आहे. दचकू नका, प्लास्टिकचा आहे. साच्यातून निघालो, गुलाबी-निळा रंगलो आणि एका परिषदेत भेट म्हणून मिळालो, तो या डॉक्टरांच्या टेबलावर आलो. माझे आठ तुकडे सुटे होतात. सोडवायची डॉक्टरांना भारी हौस. परत जोडते ती सफाईवाली बाई.

डॉक्टर म्हातारपणच्या विस्मरणावर संशोधन करतात. सकाळी रुग्ण, दुपारी प्रयोगशाळा, अधूनमधून विमानाने व्याख्यान. नातेवाइकांसमोर माझा बोटाएवढा तुकडा नाचवत विचारतात, "आठवणी इथे तयार होतात. आणायला एवढा उशीर? घरात कुणाचं लक्ष नव्हतं?" बिचारे मान खाली घालतात.

मग एक दिवस डॉक्टरांची थोरली बहीण आईला घेऊन आली. आई एकटी राहते. दोनदा गॅस चालू ठेवून झोपली होती.

"वयोमानाने होतं गं, ताई. घेतो चाचणी, तुझ्या समाधानासाठी."

काय ती चाचणी!

"आई, मघाशी पाच शब्द सांगितले ना? पहिलं एक फळ होतं. लाल. कापून खातो बघ..."

"सफरचंद?"

"शाब्बास! आज वार कोणता? काल मला सुट्टी होती..."

"मग सोमवार!"

"बघ ताई, पैकीच्या पैकी."

"परीक्षा घेतोयस की कॉपी पुरवतोयस? तुझ्या या मार्कांवर मी हिला पुन्हा एकटी सोडू?"

डॉक्टर माझा तुकडा चाचपू लागले. पदव्यांनी भिंत भरलेली, आणि माणूस आईपुढे थापा मारतोय!

शेवटी आईच म्हणाली, "अरे, घरी माझी मलाच भीती वाटते. नीट तपास ना."

तेव्हा कुठे त्यांनी शेजारच्या खोलीतल्या ज्युनिअर डॉक्टरीणबाईंना बोलावलं. बाईंनी नवे पाच शब्द सांगितले, थोड्या गप्पा मारल्या आणि मग ते विचारले. आई अडली. साहेबांचे ओठ लगेच हलले.

"सर, तुम्ही जरा बाहेर थांबता का?"

गेले, गुपचूप. आईला एकच शब्द आठवला. ताईने तिथेच ठरवलं, "आई आजपासून माझ्याकडे."

मी अजून टेबलावरच आहे. एवढीच विनंती: आपल्या माणसाला तपासायला न्याल, तेव्हा उत्तरं सुचवू नका. राहवतच नसेल तर निदान माझ्यासमोर नको. प्लास्टिकच्या मेंदूलाही लाज वाटते.