बारा ढंगांचा बँजो

ताईने तिसऱ्यांदा वायर बदलली, माइक पुसला, खुर्चीखालची सतरंजी काढून पुन्हा घातली. तरी बँजोचा आवाज रजईत तोंड खुपसून बोलल्यासारखाच येत होता.

घराच्या मागच्या खोलीत तिचा रेकॉर्डिंगचा व्याप होता. धाकट्या भावाला सगळे कौतुकाने उस्ताद म्हणत. ती मात्र फक्त चिडली की तसं म्हणे. त्याचा अल्बम चालू होता. बँजो एक, गाणी बारा आणि ढंगही बारा. जाझ, पोल्का, वाल्ट्झ, अंगाई, पठ्ठ्याने काही सोडलं नव्हतं. कव्हरही छापून झालं होतं. पाचपर्यंत गाणी रेकॉर्ड कंपनीकडे पोचली नाहीत, तर तिच्या यादीतली त्याची जागा दुसऱ्याला जाणार होती. आता तीन वाजले होते.

“ही शेवटची चार ऐक,” ती म्हणाली. “पोल्का नाचतोय की पेंगतोय?”

“माइक म्हातारा झालाय, ताई.”

“माइकला नावं ठेवू नकोस. सकाळी अंगाई वाजवलीस तोवर चांगला तरणाताठा होता.”

बोलता बोलता ती थबकली. तिने त्याच्या मांडीवरचा बँजो ओढून उलटा केला. मागच्या पोकळीत, कातड्याला चिकटून, तिचा हात पुसायचा टॉवेल निवांत बसला होता. अंगाईला मऊ आवाज हवा म्हणून कोंबलेला.

“काढायचा राहिला वाटतं,” उस्ताद म्हणाला.

“वाटतं? वर चार गाणी वाजवलीस! कान कुठे गहाण टाकले होतेस?”

“मला वाटलं, आज माझा हातच हळुवार पडतोय. जरा बरंही वाटलं.”

ताईने कपाळावर हात मारला. आपणही माइकच पुसत बसलो, याचा राग निराळाच. चारही पुन्हा घ्यायची, दर ढंगाला तारा नव्याने सुरात लावायच्या, म्हणजे एकेका गाण्याला अर्धा-पाऊण तास हवाच. पाचच्या आत फार तर तीन झाली असती.

“तुझं स्वतःचं आधी घे.”

अकरा ढंग त्याने दारोदार फिरून शिकलेले होते. बारावं गाणं त्याचं स्वतःचं होतं, सहा वर्षं घासलेलं.

“नको. ज्यांनी शिकवलं त्यांचं बिघडलेलं कसं द्यायचं? माझं काय, घरचंच आहे.”

“त्या घरच्यासाठी सहा वर्षं माझं डोकं खाल्लंस!”

तो खुंट्या पिळू लागला. असं काही बोलायचा, की पुढे धड रागावताही येत नसे. हेच तिला सहन होत नसे.

तिसरं गाणं संपलं तेव्हा पावणेपाच झाले होते. तयार अकरा गाणी रवाना करून ताईने फोन उचलला. आयुष्यात तिने कुणाकडे शब्द टाकला नव्हता.

“एक गाणं राहिलंय. पंधरा मिनिटं जास्त द्याल?”

“बाई, सगळे हेच म्हणतात,” कंपनीचा माणूस म्हणाला.

“सगळ्यांना असले भाऊ असतील, तर तुमचं कठीण आहे.”

पलीकडे हसू फुटलं. “सव्वापाच. वर एक मिनिट नाही.”

पुन्हा वाजवायला सवड नव्हती. गाण्याच्या मध्यावर एक तार किंचित उतरली. थांबू का, असं त्याने डोळ्यांनीच विचारलं. तिने मान हलवली, नाही. तो वाजवत राहिला, आधीपेक्षा जोरात.

पाच वाजून तेरा मिनिटांनी गाणं गेलं.

“ताई, तिसरी तार…”

“कळलं मला.”

“एकदाच परत…”

“उस्ताद, आता एक शब्द काढलास, तर पाचही तारा तोडीन.”