दुसरा हात कोणाचा

छापखान्याच्या मशीनला चारच रंगांचे रोलर आहेत. तुमच्या इंद्रधनुष्याच्या सहा पट्ट्यांतले दोन रंग गाळावे लागतील. कोणते, ते उद्यापर्यंत कळवा.

वाकलेल्या बाईला काय दिसतं? चिखल, पाणी, शेजारणीचा हात.

घरमालकीण अनुसयाबाई, जिन्यात: "दोघीयचं एकाच मांडवात उरकवून टाका वो! मले दोनदा लुगडं नेसायचा तरास नाही."

नस सापडत नसली की अल्का पेशंटला त्याच्या गावाचं नाव विचारते. तो गावाबद्दल बोलायला लागतो. सुई आत जाते.

"जून में कुछ करना है," योगराज म्हणाला. "सब बड़े ब्रँड करते हैं."

सुरुवात करायची तर या शेवटच्या वाक्यापासून करावी लागेल.

योगराज म्हणजे गोंदियाच्या वैनगौरी राइस मिलच्या मालकाचा मुलगा, आणि सोनिका म्हणजे त्या मिलचं सगळं मार्केटिंग एकटीनं ओढणारी बाई. मे महिन्यात नागपूरहून एजन्सीची माणसं आली, एसीखाली बसली, तीनदा पाणी प्यायली. त्यांच्यातली चष्मेवाली म्हणाली, "जूनचा प्राइड म्हणजे पोत्यावर नुसते इंद्रधनुष्याचे रंग छापणं नाही. लोकांशी नातं जुळलं पाहिजे. इथली खरी जोडी दाखवा, दोन बायकांची नाही तर दोन पुरुषांची. मॉडेल नको."

"गोंदिया में कहाँ मिलेंगे ऐसे लोग?" योगराज हसला.

सोनिका पेनाचं टोपण काढत होती, लावत होती, काढत होती. तिला एक जोडी माहीत होती. त्या जोडीतली एक तिच्याच खुर्चीवर बसली होती.

दुसरी अल्का. खाजगी दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त काढणारी, दवनीवाड्याची. चार वर्षं दोघी अनुसयाबाईंच्या वरच्या खोलीत राहत होत्या. जगासाठी मैत्रिणी.

मग सोनिकाला युक्ती सुचली. पोत्यावर दोघींचा एकेक हात, एक सूप, सुपात तांदूळ. चेहरे नकोत. एजन्सी खूश झाली.

"अभिमानाचं पोतं, आन मुंडकीच नाही," अल्का म्हणाली. "लय भारी."

"हात कोण ओळखतं?"

अल्कानं बाही वर सारली. "काढ फोटो."

तिरोड्याजवळ सोनिकाच्या बाबांची, लक्ष्मीचंदभाऊंची, आठ एकर धानाची शेती. त्यांच्या घरात विकतचा तांदूळ येत नाही, म्हणजे ते पोतं तिथं जाण्याचा प्रश्नच नव्हता. हा विचार सोनिकानं फोटोच्या आधीच करून ठेवला होता. अल्काच्या घराचा केला नव्हता.

पहिल्याच छपाईत रंग सरकले. हिरवा पट्टा एका मनगटावर चढला. वैनगौरीत अशी पोती फेकत नाहीत, हमाल घरी नेतात. दवनीवाड्याच्या मंदाबाईचा नवरा तिथं हमाल. पोत्याचा एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यात खुपसला की डोक्यापासून कमरेपर्यंत अंग झाकणारी खोळ होते. मंदाबाई जुलैत ती खोळ घालून रोवणीला, म्हणजे भातलावणीला, गेली. तिच्या शेजारच्या पातीला अल्काची माय, कुसुमबाई. धानाच्या रोपांची जुडी घ्यायला कुसुमबाई उभी झाली, आणि मंदाबाईच्या पाठीवर तिला आपल्या लेकीचा हात दिसला.

"माय काय म्हणाली?"

"म्हनली, तुहा हात वळखला. दुसरा कोनाचा होय?"

"आणि तू?"

"म्हनलं, सोनिकाचा."

"एवढंच?"

"बाकीचं तिनंच सांगतलं. मंग म्हनली, सोमवारी घेऊन ये तिले. बांधीत."

"शेतात? घरी काऊन नाही?"

"घरी तू पाहुनी होशीन. चहा पिशीन, बिस्किट खाशीन, चालली जाशीन."

सोनिका खोलीत फिरत होती. खिडकी, गॅस, खिडकी. मध्येच थांबली.

"तुला माहीत होतं. हात ओळखतात ते."

"दहा वर्सं रोवणी केली मी. माहीत नाही त काय!"

"मग बोलली काऊन नाही?"

"तू इचारलं काऊन नाही? तुह्या घरी रोवणीले बाया बाहेरून येत. तू बांधाच्या पारीवर डबा घेऊन उभी राहे. तुले वाटे, हात म्हंजे हात." अल्का ताट धुवत होती, तिनं मागे वळूनही पाहिलं नाही. "मले सांगाचंच होतं मायले. तोंडानं होत नव्हतं. पोत्यानं झालं."

"माझं काय?"

"तुहं तू पाह्य. सोमवारी आली त आली. नाही आली त मी सामान उचलतो आन मायजवळ जातो. चार वर्सं मैत्रीण होऊन पाह्यलं."

रविवारी सोनिकानं मोबाइलवर लिहिलं: ऑडिट आहे. पुसलं. लिहिलं: ताप आहे. पुसलं, रक्त काढणारीला ताप काय सांगायचा. लिहिलं: त्या गावात अर्धे लोक आमच्या पवार समाजाचे, चार घरं तरी बाबांना फोन लावतील. हे खरं होतं. हेही पुसलं.

सोमवार. स्कूटी. अल्का मागे. सोनिका तीनदा थांबली: एकदा पेट्रोलसाठी, टाकी अर्धी भरलेली असताना, एकदा ओढणी बांधायला, एकदा उगाच. तिसऱ्या वेळी अल्का उतरली आणि रस्त्याकडेला उभी राहून म्हणाली, "चालवू का मी?"

"नको."

बांधीत अकरा बायका वाकलेल्या. कुसुमबाईनं मान वर केली, सोनिकाला वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि रोपांची जुडी तिच्याकडे फेकली. जुडी छातीवर आपटली. कुडता माखला.

"ये खाली."

"मावशी, मला येत नाही."

"येत नाही म्हनूनच त बलावलं."

बायका हसल्या. मंदाबाई म्हणाली, "नखं पाह्य वो तिचे! चिखलाले लाज येऊन राहिली."

सोनिका उतरली. पाय पोटरीपर्यंत रुतले. तीन-चार काड्या चिमटीत धरायच्या, अंगठ्यानं चिखलात दाबायच्या, मागे सरकायचं. तिच्या काड्या उपटून पाण्यावर तरंगत होत्या. डावीकडे अल्का, जणू मधली वर्षं गेलीच नाहीत. उजवीकडे कुसुमबाई. ती फक्त सोनिकाच्या हाताकडे बघत होती.

"अगे, तू लक्ष्मीचंदभाऊची सोनिका ना?"

बांधाच्या पारीवर छत्री घेऊन टिकेशमामा. शेत त्यांचं होतं, आणि ते सोनिकाच्या आईचे चुलतभाऊ होते. मामा याच गावचे, हे तिला माहीत नव्हतं असं नाही. शेत त्यांचंच निघेल, एवढं मात्र तिनं धरलं नव्हतं.

"हो, मामा."

"चिखलात काऊन? कोनासंग आली?"

दहा बायकांचे हात थांबले. कुसुमबाईचे थांबले नाहीत. अल्काचेही नाहीत; पण तिची एक रांग दुसरीवर चढली, आणि तसं तिच्या हातून कधी होत नसे.

मैत्रीण हा शब्द सोनिकाच्या दातांपर्यंत आला. चार वर्षं तो तिथंच तर राहत होता.

"अल्कासंग आली. मी तिच्यासंगच राहतो, मामा. पुढंही तिच्यासंगच राहीन. लग्नबिग्न काही नाही. घरी सांगायचं असल तर सांगा."

टिकेशमामांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. बायकांकडे पाहिलं. मग खिशातून मोबाइल काढला आणि पारीवरून दूर चालत गेले. चालता चालता नंबर लावत गेले.

"कोन होय वो हे?" पलीकडच्या पातीवरून कोणीतरी विचारलं. ती बाई नवीन होती, दुसऱ्या गावची.

"अल्काची हाय," कुसुमबाई म्हणाली. आणि सोनिकाला, त्याच आवाजात: "रांग वाकडी जाऊन राहिली तुही. काड्या चार घे. दाब."

तिनं चार घेतल्या. दाबल्या. स्कूटीच्या डिकीत फोन वाजायला लागला. बंद झाला. परत वाजला. तिचे दोन्ही हात चिखलात होते. अल्का मागे सरकली, तशी तीही मागे सरकली.

एकवीस जूनला दोन व्यापाऱ्यांचे, असली पोती नकोत म्हणून, फोन आल्यावर योगराजनं ती पोती रद्द केली होती. हमालांनी घरी नेलेली सोडली, तर त्यांतलं एकही मिलबाहेर गेलं नाही.