नोरीनचं शून्य

नोरीन ब्रिंकमनला एकतिसावं सरलं होतं, तरी तिचा टोस्ट अजून आईच कापून देत असे. डाव्या हाताने तिला तो कापता यायचा, फक्त दहा मिनिटं लागायची. आणि वेरा ब्रिंकमनपाशी लेकीसाठी सगळं काही होतं, ती दहा मिनिटं तेवढी नव्हती. त्या मंगळवारीही टोस्टचे चार तुकडे करून वेरा निळ्या झग्याला इस्त्री करायला वळली. रविवारी चर्चची जत्रा होती.

"यंदा... मी..." नोरीनने सुरुवात केली. जन्मापासून तिचे हातपाय तिचं ऐकत नसत, आणि जीभही शब्द सावकाश सोडायची.

"यंदा पांढरा घालतेस? अगं, निळ्यात तुझा फोटो किती छान येतो!" आईने वाक्य पुरं करून टाकलं. नोरीनला झग्याबद्दल बोलायचंच नव्हतं.

ओहायोतल्या त्या नदीकाठच्या गावात कॉर्नहोल न खेळणारं घर शोधूनही सापडलं नसतं. मक्याचे दाणे भरलेली पिशवी सत्तावीस फुटांवरच्या तिरक्या फळीवर फेकायची; भोकात गेली तर तीन गुण, फळीवर राहिली तर एक. आजोबा खेळत, नाती खेळत. नोरीन बारा वर्षांची असताना फादरनी जत्रेच्या सामन्यांची पहिली पिशवी तिच्या हातून टाकवली, आणि तोच पायंडा पडला. तिची मूठ वेळेवर उघडत नसे. पिशवी चाकांच्या खुर्चीपाशीच गवतात पडायची. मग तिचा भाऊ कर्ट धावत येऊन ती उचलायचा, फळीपर्यंत नेऊन भोकात टाकायचा, आणि सारं गाव टाळ्या पिटायचं. "नोरीनचे तीन गुण!" त्यानंतर तिची खुर्ची मंडपाच्या सावलीत नेऊन लावत, हातात सरबत देत, आणि खरा खेळ सुरू होई. एकोणीस वर्षं हे असंच चाललं होतं. देखल्या देवा दंडवत घालून माणसं मोकळी! कुणाच्याही मनात वाईट नव्हतं, आणि तिथेच सगळं अडलं होतं. वाईट माणसाशी निदान भांडता तरी येतं.

शेजारचा ऑर्विल मात्र टाळ्या वाजवत नसे. घरांना पन्हळी बसवण्यात त्याचा जन्म गेला होता. मधुमेहाने डोळे गेले तसा तो घरी बसला. मागच्या जत्रेत तो तिच्याजवळ येऊन म्हणाला होता, "पोरी, मला दिसत नाही, पण ऐकू येतं. आधी पिशवी गवतात पडते, मग कर्टचे बूट धावतात, मग टाळ्या. एक सांग, तुला खेळायचंय की हेच बरंय?"

नोरीनला रडूच कोसळलं. इतक्या वर्षांत हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. "खेळायचंय," ती म्हणाली, आणि तो एक शब्द पुरा होईपर्यंत ऑर्विल गप्प उभा राहिला.

हिवाळाभर दोघं त्याच्या गॅरेजमध्ये झटली. वेराला वाटायचं, लेक बिचाऱ्या आंधळ्याला सोबत करते. ऑर्विलने चाचपत चाचपत पन्हळीचा लांब तुकडा तिपाईवर तिरका बसवला. नेम धरायला कोपराने ढकलता येईल असा दांडा लावला. आता मूठ उघडायची गरजच नव्हती. वरच्या तोंडाशी ठेवलेली पिशवी मनगटाने लोटली की घसरत सुटायची. फळी त्यांनी दहा फुटांवर आणली. भोकाखाली घंटा टांगली, म्हणजे पिशवी आत गेल्याचं ऑर्विललाही कळेल. वसंत येईपर्यंत सहातून एकदा ती घंटा वाजू लागली.

शुक्रवारी नोरीनने हे सगळं आईला आणि भावाला दाखवलं. वेराचा चेहरा उतरला.

"आणि चुकलीस म्हणजे? चारचौघांत हसं होईल. तुला कुणी हसलेलं मला नाही गं बघवायचं."

कर्ट तर नाकाने कांदे सोलू लागला. "पन्हळीवरून सोडणं म्हणजे फेकणं नव्हे. नियम तो नियम."

एकोणीस वर्षं पिशवी स्वतःच्या हाताने भोकात टाकणाऱ्याला आज नियम आठवला! खोट्या तीन गुणांना कुणाची ना नव्हती. घोडं पेंड खात होतं ते खऱ्या खेळापाशी.

"रविवारी नेहमीसारखंच होईल," वेरा म्हणाली आणि तिने खुर्ची घराकडे वळवली. नोरीनला वळायचं नव्हतं. पण खुर्चीच्या मागच्या मुठी आईच्या हातात होत्या.

रविवारी मैदानभर सॉसेज भाजल्याचा वास सुटला होता. निळा झगा, हातात पिशवी, समोर सारं गाव. पिशवी गवतात पडली. कर्ट धावला, पिशवी भोकात गेली, टाळ्यांचा कडकडाट झाला. फादरनी माइक तिच्या तोंडाशी धरला. दरवर्षी ती आभार मानायची.

"शून्य," नोरीन म्हणाली.

"काय म्हणालीस, बाळ?"

"गवतात... पडली. शून्य. लिहा."

टाळ्या थांबल्या. कर्टने लालबुंद होऊन खुर्ची सावलीकडे ढकलायला घेतली, पण ती हलेना. नोरीनने डाव्या हाताने ब्रेक लावला होता.

"नोरी, तमाशा नको गं," वेरा तिच्या कानाशी कुजबुजली. "लोक खोळंबलेत."

"मी... एकोणीस वर्षं... खोळंबलेय."

माइक चालूच होता. गर्दीतून काठी टेकत, खांद्यावर पन्हळ आणि तिपाई, खिशात घंटा घेऊन ऑर्विल आला. कर्टने पुन्हा नियम काढला, तशी सहा वेळा जत्रा जिंकलेली सत्तरीची थेल्मा पुढे झाली.

"कर्ट, नियम तुझ्या तोंडी शोभत नाहीत. पहिला डाव माझा हिच्याशी. आणि पोरी, मी तुला सोडायची नाही हं!"

"नकाच... सोडू."

तिपाईवर पन्हळ बसली, नोरीनची फळी दहा फुटांवर आली आणि तिच्या भोकाखाली घंटा टांगली गेली. नोरीनची पहिली पिशवी फळीच्या बाहेर गेली. सवयीने चारपाच जणांनी टाळ्या वाजवल्या. "चुकली ना ती? टाळ्या कसल्या पिटता?" थेल्मा खेकसली. दुसरीही गेली. मग कुणीतरी ओरडलं, "जरा डावीकडे धर!" दुसरा म्हणाला, "छे, डावीकडे काय, लोटतेय ती फार जोरात!" त्यावरून दोघांची जुंपली. एकदा घंटा वाजली, एकदा पिशवी फळीवर अडकली. एकवीस विरुद्ध चार. नोरीन हरली.

कर्ट खडू घेऊन गुणांच्या फळ्यापाशी गेला. थेल्माचं नाव त्याने वर लिहिलं आणि हात थांबला. "राहू दे रे," वेरा पुटपुटली, "तिचं कशाला लिहायचं..."

"लिही," नोरीन म्हणाली.

दरवर्षी जिंकत आलेल्या नोरीन ब्रिंकमनचं नाव त्या दिवशी पहिल्यांदा फळ्यावर लागलं, हरलेल्यांच्या रांगेत. तिचे डोळे भरून आले. हरल्याचं तिला खरंच वाईट वाटत होतं, आणि या खेपेला ते वाईट वाटणं कुणी तिच्या हातातून काढून घेतलं नाही.