घड झेलणारा गोलकीपर

सावद्याकडच्या त्या कॉलेजात फुटबॉलची टीम आहे, हे कॉलेजातल्याच निम्म्या पोरांना ठाऊक नव्हतं. क्रिकेट म्हटलं की शंभर जण धावत यायचे. फुटबॉलसाठी अकरा डोकी जमवताना खेळाच्या रतिलाल सरांच्या नाकी नऊ यायचे. पण यंदा काय झालं कोण जाणे, चार सामने झाले आणि चारही जिंकले. चारांत मिळून गोल खाल्ला फक्त एक. कप्तान हितेंद्र पुढे खेळायचा, गोल मारायचा, पेपरात नाव त्याचंच यायचं. टीम तगली होती ती मात्र हसनैनमुळे. हितेंद्रला हे कळत होतं. तोंडानं म्हणायला तेवढी जीभ जड व्हायची.

हसनैन गोलकीपर, आणि कॉलेज नसेल त्या दिवशी केळी भरणाऱ्या टोळीतला मजूर. सरांनी त्याला हेरला तो हितेंद्रच्याच मळ्यात. ट्रकच्या मागच्या फळीपाशी तो उभा असायचा. मळ्यातून आलेला वीस-वीस किलोचा घड छातीशी झेलायचा, अंग मागे वळवायचं आणि ट्रकवरच्या माणसाच्या हातात वर द्यायचा. घड कुठे आपटता कामा नये. डाग पडला की व्यापारी नाक मुरडतो. "हा पोरगा चेंडू हातातून सोडणार नाही," असं सर त्याच दिवशी म्हणाले होते आणि ते खरं ठरलं. विद्यापीठाच्या संघासाठी यंदा दोन नावं पाठवायची होती. एक हितेंद्रचं, दुसरं हसनैनचं, हे जवळजवळ ठरल्यासारखंच होतं. खेळाच्या कोट्यातून कुठेतरी नोकरीला चिकटता येईल, एवढीच हसनैनची आशा होती आणि ती त्यानं एकट्या हितेंद्रला सांगितली होती.

अंतिम सामना रविवारी, धुळ्याला, दुपारी चारला. त्याच सकाळी मळ्यात ट्रक येऊन उभा राहिला आणि टोळीतली दोन माणसं लग्नाला गेलेली. हितेंद्रच्या वडिलांचा, नानांचा, पारा चढला.

"हितेंद्र, जाय, त्या हसनैनले घेऊन ये. नही तं तू उभा राह्य ट्रकपाशी."

"नाना, आज मॅच आहे माही!"

"मंग त्याले आन."

मॅच हसनैनचीही होती, हे बापाला सुचलं नाही. लेकाला सुचलं, पण तो गप्प बसला. मोटारसायकल काढून त्यानं हसनैनला घरातून उचललं. हसनैन एवढंच म्हणाला, "चाल, येतो. मॅच तं चारले आहे." त्याला मळ्यावर सोडून हितेंद्र घरी आला आणि पुन्हा अंथरुणात शिरला. कप्तानाचे पाय ताजे हवेत, अशी त्यानं मनाची समजूत घातली. आपली समजूत घालायला आपल्याइतका गोड माणूस दुसरा कोण मिळणार! साडेनऊपर्यंत तिकडे तीनशे घड ट्रकवर चढले.

धुळ्याचं मैदान दगडासारखं टणक. सामना अटीतटीचा झाला. हितेंद्रचे दोन फटके बाहेर गेले. हसनैननं तीन अडवले. शेवटची दोन मिनिटं उरली होती, दोन्हीकडे शून्य, आणि धुळ्याच्या पोरांना कॉर्नर मिळाला. चेंडू वरून आला. हसनैन थेट गोलरेषेवर उभा होता. त्यानं उडी मारली, चेंडू छातीशी अलगद झेलला आणि अंग मागे वळवून दोन्ही हातांनी चेंडू वर दिला.

मागे ट्रक नव्हता. मागे जाळी होती.

शिट्टी वाजली. चेंडू रेषेपलीकडे गेला होता, गोल आपल्यावरच. क्षणभर कुणालाच काही उमगलं नाही, मग सगळं मैदान हसायला लागलं. धुळ्याचे हसले ते समजण्यासारखं होतं. आपल्या टीममधला बचावपटू अतिकही हसला. हसनैन रिकामे हात वर धरून तसाच उभा.  हे कुठून आलं, ते त्या मैदानात एकट्या हितेंद्रच्या ध्यानात आलं होतं. तरी तो मूग गिळून बसला.

परतीच्या वाटेवर गाडी पारोळ्याला चहाला थांबली. सरांनी हसनैनला जवळ बोलावलं. "अरे, झेललास तर झेललास, मागे कशाला वळलास?"

"चुकलं, सर."

 हितेंद्रकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. सर मवाळ माणूस, पण त्यांनी खिशातून कागद काढला आणि म्हणाले, "विद्यापीठाला आज नावं कळवायचीत. मी एकट्या हितेंद्रचंच नाव देतो. तुझं पुढच्या वर्षी बघू." हसनैनचं हे शेवटचं वर्ष होतं. सरांच्या ते लक्षात नसावं. हसनैननं मान हलवली आणि तो गाडीत जाऊन बसला.

हितेंद्रनं चहाचा पेला तसाच खाली ठेवला. सर पेनाचं टोपण उघडत होते, तेव्हा तो उठला.

"सर, आज सकाळी त्यानं आमच्या मळ्यात तीनशे घड भरले. मीच त्याला घेऊन गेलो होतो."

सरांचा हात टोपणावरच थांबला. "आणि तू?"

"मी घरी झोपलो होतो."

सरांनी त्याला शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं, कागद त्याच्यासमोर धरला. दोन नावं होती. वरचं हसनैनचं.

हितेंद्र जवळजवळ पळतच गाडीत गेला. आता आपण सुटलो, असं त्याला वाटत होतं. हसनैनच्या शेजारी बसून त्यानं सगळं सांगितलं: सरांना काय बोललो, नाव कसं लागलं. हसनैन खिडकीबाहेर बघत ऐकत होता. आनंद झाला असावा. पण बोलला तो वेगळंच.

"चांगलं केलं, भो. पण हे तिथंच मैदानात सांगायचं होतं. सगये मले हासू राहिले होते, तवा."

 गाडी सुरू झाली, एरंडोल गेलं, जळगाव गेलं, तरी मैदानातलं ते हसू हितेंद्रच्या कानातून गेलं नाही.