तीनशे डॉलरचं पत्र

विस्कॉन्सिनमधल्या त्या गावात धंद्याच्या सरकारी कर-क्रमांकाच्या बाबतीत शेवटचा शब्द व्हर्लिनचा असे. बारा वर्षांपूर्वी मासेमारीसाठी गांडुळं विकायची म्हणून त्याने एका कंपनीला तीनशे डॉलर मोजून असा क्रमांक काढला होता. पहिल्याच हिवाळ्यात गांडुळं गोठून मेली. क्रमांकाचं पत्र मात्र चौकटीत बसून हरणाच्या मुंडक्याशेजारी विराजमान झालं. पाहुणा आला की आधी पत्र, मग कॉफी.

आता त्याची बायको आर्डिस कुत्र्यांची बिस्किटं विकणार होती. जत्रेतला स्टॉल हवा तर आज पाचच्या आत बँकेत धंद्याचं खातं उघडायचं, आणि खात्याला क्रमांक हवा. उजवा हात प्लास्टरमध्ये, म्हणून तिने डाव्या हाताच्या एका बोटाने सरकारी साइटवर अर्ज भरला. क्रमांक लगेच हजर.

"चल, गाडी काढ!"

"किती पडले?" व्हर्लिनने विचारलं.

"एक सेंट नाही. फुकट."

"मग खोटा आहे."

"अरे, सरकारच देतं!"

"सरकारने आजवर तुला काय फुकट दिलंय? बँकवाले पोलीस बोलावतील. मी नाही नेणार."

तिने साइट दाखवली. साइटही खोटी म्हणे. तिने कर-खात्याला फोन लावला. पाऊण तास गाणी ऐकवून झाल्यावर एक बाई म्हणाली, पैसे पडत नाहीत. व्हर्लिन म्हणाला, "आवाजच लबाड आहे." चार वाजून गेले. आर्डिसला रडू फुटायचंच बाकी होतं. एका हाताने ती खटारा गाडी हाकता आली असती, तर तिने नवऱ्याला केव्हाच गांडुळांच्या वाटेला लावलं असतं.

मग तिचं लक्ष गेलं. तो तिच्याकडे बघतच नव्हता, चौकटीकडे बघत होता. कान लालबुंद झाले होते. तिला त्याची भयंकर कीव आली.

"व्हर्लिन, रागावू नकोस," ती म्हणाली. "चारशे पडले."

"चारशे!" व्हर्लिनचा चेहरा उजळला. "अगं वेडे, लुबाडलं तुला! मला विचारायचं तरी!" किल्ल्या त्याच्या खिशातच होत्या; तो गाडीकडे निघालाही.

वाटभर तो तिची समजूत काढत होता. बँकेत शिरल्या शिरल्या त्याने काउंटरवरच्या मुलीला सांगितलं, "हिने चारशे मोजले बघ क्रमांकाला."

"चारशे? पण तो तर—"

आर्डिसने प्लास्टरचा हात धाडकन काउंटरवर आपटला. डोळ्यांत पाणी आलं.

"चारशेच," ती म्हणाली. "खातं उघड."