पंचवीस दारांचं हेल्मेट

माझी मोठी बहीण दामिनीताई गाडीवरून पडली त्या सकाळी तिचं हेल्मेट तिच्यापासून चौदा पावलांवर, धानाच्या बांधीत सापडलं. पावलं मी नंतर जाऊन मोजली. वळणावर रानडुक्कर आडवं आलं, तिनं ब्रेक दाबला, गाडी घसरली आणि कानामागे नऊ टाके पडले. डब्यातली मरळ मासोळी रस्त्यावर उड्या मारत होती आणि ताई शुद्धीवर येता येता तीच गोळा करायला सांगत होती, असं तिला उचलणारे अजून हसून सांगतात.

आमची माय हसली नाही. टाके सुकले त्या दिवशी तिनं निर्णय सांगितला.

"नऊशे रुपयाच्या हेल्मेटनं काय होते? एक तं कंपनीचं भारी हेल्मेट घे, नाई तं फटफटी इक. मी जलमभर टोपलं घेऊन बाजारात बसली. तूही बस."

आमचं गाव सिंदेवाहीपासून नऊ किलोमीटरवर, तलावाच्या काठी. पहाटे जाळी निघाली की ताई मोटरसायकलच्या मागे बर्फाचा डबा बांधते आणि दहा वाजेपर्यंत अकरा गावं फिरते. गावात शिरली की गाडी हळू करून "मासोळीऽऽ वो" अशी हाक देते. कोणत्या घरी कोणाला मरळ लागते, कोणाला झिंगे, हे तिला तोंडपाठ आहे. बाजारात मायच्या शेजारी बसून तिचं पोट भरलं असतं, पण ती तिथे बसलेली मला डोळ्यांपुढे आणता येईना. तिलाही येत नसावं, कारण त्या रात्री ती जेवली नाही.

मी भौतिकशास्त्रात एमएस्सी केलं आणि सध्या भात संशोधन केंद्रात सहा महिन्यांच्या कामावर आहे. दाण्यांतला ओलावा मोजते. पहिला पगार हातात होता. "हेल्मेट माह्याकडून," मी म्हणाले, आणि तीन दिवस बसून एक तक्ता केला. वजन, बाहेरचं कवच कशाचं, आतला फोम, काचेचा दर्जा, चाचण्यांचे निकाल. महागडी हेल्मेटं जवळपास प्रत्येक रकान्यात पुढे होती. चौदा हजारांचं एक मी मनात पक्कं केलं.

चंद्रपूरला जाताना तुलनेसाठी जुनं हेल्मेटही पिशवीत घेतलं. बसनं मूल शहर सोडल्यावर मी ते मांडीवर काढून पाहू लागले. कवचावर कुठेही चीर नव्हती. एका बाजूला वाळलेला चिखल, बस. हनुवटीखालचा पट्टा खटका लावून बंद होता.

"ताई, हा पट्टा नंतर कोणी लावला?"

"कोणी म्हंजे? तो लावलेलाच रायते."

"रोज?"

"मे महिन्यात लावला, तवापासून तसाच हाय. टोपीसारखं घालतो न् काढतो." माझा चेहरा पाहून ती चिडली. "अशी काऊन पाहून राह्यली? पंचवीस दारी उतरतो मी. मासोळीचे हात. पट्ट्याले हात लावला का दुसऱ्या दिवशी नाकाखाली वास. तू लावून पाय एकडाव."

"पण इतकं ढिलं बसत होतं तुले?"

"उन्हाळ्यात घेतलं ना. दुपट्टा गुंडाळून गेली होती दुकानात. दुपट्ट्यावरून बसलं पायजे म्हणून मोठं घेतलं. सगळेच तसंच घेतात."

हे खरं होतं. शेचाळीस अंशांत ओला दुपट्टा डोक्याला गुंडाळल्याशिवाय आमच्याकडे कोणी गाडीवर बसत नाही. पण ती पडली दसऱ्यानंतर, आणि तेव्हा दुपट्टा नव्हता.

म्हणजे डोकं आपटायच्या आधीच हेल्मेट निघून गेलं होतं. नऊशे रुपयांच्या हेल्मेटनं मार सोसला की नाही, हा प्रश्नच आला नव्हता. चौदा हजारांचं असतं तर तेही तसंच बांधीत जाऊन पडलं असतं, फक्त वजनाला हलकं. मी तक्ता उघडला. त्यात पट्ट्याचा रकाना नव्हता आणि मापाचाही नव्हता. मी तो पिशवीत ठेवला.

दुकानदाराचं नाव मिथुन. आम्ही काही बोलायच्या आत त्यानं ताईच्या अंगात काळं जाकीट चढवलं, खांद्यांना आणि कोपरांना आतून कडक पट्ट्या असलेलं.

"ताई, जीवापेक्षा पैसा मोठा नाई पाहा."

ताईनं आरशात पाहिलं. "भाऊ, हे घालून मी मासोळी इकाले गेली तं लोक मरळीचा भाव नाई, माहाच भाव इचारतीन."

मिथुनही हसला. मग मी त्याच्याकडून टेप घेतला. ताईचं डोकं भरलं पंचावन्न सेंटिमीटर. जुन्या हेल्मेटच्या आत मापाची चिठ्ठी होती साठची. ते तिला घातलं, पट्टा होता तसा बंद ठेवला, आणि मागची कड धरून वर, पुढे ओढली. हेल्मेट सरळ माझ्या हातात आलं. ताई आरशात स्वतःकडे पाहत राहिली आणि तिचा हात कानामागच्या व्रणावर गेला.

"असंच निघालं असन," ती हळू म्हणाली.

मिथुननं मग चौदा हजारांचं काढलं, तिच्या मापाचं. ते मी दोन्ही हातांनी ओढलं तरी हललं नाही. हलकं होतं, आतलं कापड मऊ होतं. वस्तू चांगली होती यात शंका नाही. पण त्याचा पट्टा दोन कड्यांतून ओवून घट्ट करायचा होता. ताईनं बाटलीतलं पाणी हातांवर घेतलं, जसे तिचे हात असतात तसे केले, आणि पट्टा ओवू लागली. मी फोनवर वेळ लावली. अडतीस सेकंद.

"चार दारं लावन," ती म्हणाली. "पाचव्या दारी कंटाळा येईन न् मंग पुन्हा तसंच. मी मले ओळखतो."

मला हे उत्तर आवडलं. तक्त्यातल्या कोणत्याही आकड्यापेक्षा ते जास्त उपयोगी होतं.

"एका हातानं लागते असा पट्टा हाय का?" मी मिथुनला विचारलं.

होता. स्वस्त हेल्मेटांना दात्यांची पट्टी असते. एका हातानं आत सरकवायची, टकटक करत घट्ट होते, एक लाल फीत ओढली की सुटते. ताईला चार सेकंद लागले. पण पूर्ण तोंड झाकणाऱ्या हेल्मेटातून तिचा आवाज मडक्यातून आल्यासारखा येत होता, आणि हाक हाच तिचा अर्धा धंदा.

मिथुननं जरा विचार केला आणि वरच्या फळीवरून एक राखाडी हेल्मेट उतरवलं. हनुवटीचा भाग बटण दाबून वर उचलता येणारं, आत आयएसआयची खूण, पट्टी दात्यांची. सव्वीसशे रुपये. "खरं सांगतो, हे जड हाय," तो म्हणाला, "न् वेगात वारा वाजते याच्यात."

मी रस्ता ओलांडून पानठेल्याजवळ उभी राहिले. मधून दोन कोळशाचे ट्रक गेले. ताई ते घालून दुकानाच्या पायरीवर आली, हेल्मेटची हनुवटी वर उचलली आणि नेहमीसारखी हाक दिली.

"मासोळीऽऽ वो."

पानठेलेवाल्यानं चुन्याची काडी थांबवली. "मरळ हाय का?" त्यानं मला विचारलं.

आम्ही ते घेतलं. तसंच माझ्या मापाचं एक माझ्यासाठी. उरलेल्या पैशांत गुडघ्यांचे पॅड आणि हेल्मेटच्या आत घालायच्या, धुता येणाऱ्या पातळ सुती टोप्या, म्हणजे उन्हाळ्यात दुपट्ट्याची गरज पडायला नको.

घरी मायनं किंमत विचारली आणि तोंड फिरवलं. "स्वस्तातलंच आणलं ना शेवटी."

मी जुनं हेल्मेट ताईच्या डोक्यावर ठेवलं. "माय, मागून धरून ओढ."

मायनं ओढलं आणि तोल जाऊन मागे सरकली, हेल्मेट हातात. मग ताईनं नवीन घातलं, पट्टी टकटक करत लावली. मायचे जाळी ओढलेले हात आहेत. तिनं एकदा ओढलं, पाय रोवून दुसऱ्यांदा ओढलं.

"मान उपटशीन वो माय," ताई आतून म्हणाली.

माय खाली बसली. जुन्या हेल्मेटचा खटका तिनं अंगठ्यानं चाचपला. "हा बंदच होता?"

"बंदच होता."

तिनं खटका उघडला, पुन्हा लावला आणि हेल्मेट खाली ठेवलं. मग म्हणाली, "डबा कोणी धुतला का तुह्या फटफटीचा? वास मारून राह्यला." ताई उठून लगेच डबा धुवायला गेली.

पहिल्या फेरीला मी मागे बसले, माझं हेल्मेट घालून. मी मनात दारं मोजत होते. सहाव्या दारापर्यंत ताई प्रत्येक वेळी पट्टी लावत होती. डुक्कर आलं होतं त्या वळणावर तिनं गाडी अगदी हळू केली आणि वळण गेल्यावर मोठा श्वास सोडला. माझ्या हातांना तो कळला.

सातवं दार मनकर्णाबाईंचं, त्यांच्याकडे पावशेर झिंगे ठरलेले. झिंगे देऊन ताई गाडीवर बसली, हेल्मेट चढवलं आणि पट्टी लोंबकळत ठेवून किक मारली. मी बोलणार तोच मनकर्णाबाई शेणाचे हात पदराला पुसत गाडीपुढे आल्या. त्यांनी मागची कड धरून हेल्मेट ओढलं. ते कपाळावर आलं.

"पट्टा लाव पहिले."

"अव मावशी, तुमाले कोणी सांगतलं?"

"तुह्या मायनं. काल बाजारात सगळ्याईले सांगून राह्यली होती, जिचं हेल्मेट हाललं तिच्याकडची मासोळी घेऊ नका म्हणून."

ताईनं मागे वळून माझ्याकडे पाहिलं. "एक माय पुरे नव्हती. आता पंचवीस दारी पंचवीस माया."

तिनं ओल्या बोटांनी पट्टी आत सरकवली. टकटक झाली. मनकर्णाबाईंनी पुन्हा एकदा ओढून पाहिलं, मान डोलावली आणि बाजूला झाल्या. आठव्या दाराआधी ताईनं हेल्मेटची हनुवटी वर उचलली आणि हाक दिली, आणि घरातून कोणीतरी ओरडलं, "थांब वो, आली."