राधाकाकीच्या शरीराचं वय

आमच्या वाडीत कुणी फुकट काही तपासायला आलं की लोक आधी त्याच्या पायांकडे बघतात. चकचकीत बूट म्हणजे जमीन घ्यायला आला, झिजक्या चपला म्हणजे मतं मागायला. ही पोरं कॅनव्हासचे बूट घालून आली, त्यामुळे कुणाला काहीच ठरवता येईना.

कुठल्याशा कॉलेजातली होती. कुठल्या वयाची माणसं किती हालचाल करतात, काय खेळतात आणि त्याचा तब्येतीशी काय संबंध, असा त्यांचा अभ्यास चालला होता. शाळेच्या पडवीत त्यांनी एक खुर्ची मांडली, मुठीचा जोर मोजायचं यंत्र ठेवलं आणि चालून दाखवण्यासाठी जमिनीवर खडूच्या रेघा ओढल्या. सकाळी शाळेतली पोरं, दुपारी माझ्यासारखी मधल्या वयाची, संध्याकाळी म्हातारी. मधली कुणी फिरकलीच नाहीत. काजू गोळा करायचे दिवस. व्यायाम करता का, हे सांगायला वेळ कुणाला होता?

घोटाळा झाला तो अक्षयामुळे, आणि तोही तिच्या चांगुलपणातून. अक्षया त्या पोरांची पुढारी. म्हाताऱ्यांना हुरूप यावा म्हणून ती म्हणाली, "आजी-आजोबा, आधार कार्डावरचं वय विसरा. आज तुमच्या शरीराचं खरं वय कळणार!"

पडवीतली म्हातारी एकमेकांकडे बघायला लागली.

हरिश्चंद्र, ज्यांना सगळे भाई म्हणतात, ते पाणी पिण्याच्या निमित्ताने बाहेर आले. मागोमाग बाकीची म्हातारी.

"एसटी," भाई हळूच म्हणाले.

"काय एसटी?" राधाकाकीने विचारलं.

"पंचाहत्तरच्या वर एसटी फुकट मां? ह्या यंत्रान साठ दाखवल्यान तर? ती काय म्हणाक लागली, आईकलास? आधार कार्ड विसरा. विसरलां तर कंडक्टराक दाखवतलास काय?"

काकीला सोबत म्हणून आलेली मी मध्ये पडले. "काकी, बायकांका तसो पण अर्धोच तिकीट पडता."

"अर्धो म्हणजे काय फुकट?" काकी माझ्यावरच उखडली.

राधाकाकी माझी शेजारीण. घरात एकटीच असते. मुलगा दत्तप्रसाद कणकवलीला नोकरी करतो. दर बाजाराला काकी एसटीने जाते, काजूगर विकते, त्यातले मूठभर नातीला देते, सुनेच्या हातचा चहा पिते आणि परतीच्या गाडीने घरी येते. कुणाला विचारत नाही, कुणाकडे भाडं मागत नाही. तिची खरी जन्मतारीख मात्र तिलाही ठाऊक नाही. कार्ड काढताना तिने अंदाज सांगितला होता, आणि तो अंदाज जरासा वरच्या अंगाला सांडला होता. मनात हे असल्यामुळे भाईंचं बोलणं तिला सगळ्यांहून जास्त लागलं.

आत गेल्यावर जे झालं ते दशावतारात शोभलं असतं. दुपारी काजूच्या फांदीवर उभे असलेले भाई खुर्चीतून उठताना तीनदा 'आई गे' म्हणाले. काकीने यंत्र असं धरलं की जणू कोंबडीचं पिल्लू हातात दिलंय. रेघेपासून रेघेपर्यंत चालताना तर तिने अक्षयाचा खांदाच धरला.

अक्षया भली पोर. ज्यांची तब्येत काळजीची वाटली त्यांच्या घरी तिने फोन केले. "आजींना पडण्याचा धोका आहे, एकटं ठेवू नका," असं दत्तप्रसादला कळवलं.

रविवारी दत्ता गाडी घेऊन आला. येताना रिकाम्या पिशव्या आणल्या होत्या.

"आई, लुगडी भर. घराक कुलूप घालतंय."

"माका काय झाला?"

"ताच तर तू सांगूक नाय मां!"

काकीने माझ्याकडे असं पाहिलं की जणू चाडी मीच केली होती. मी दत्ताकडे पाहिलं. काकीच्या काजूच्या बागेला गिऱ्हाईक लागलंय असं दोन महिने कानावर येत होतं, आणि आज नेमका हा पिशव्या घेऊन उभा. माझ्या मनात पाल चुकचुकली, खोटं कशाला बोलू?

तेवढ्यात अक्षया स्कूटरवरून आली, यंत्र पिशवीत घेऊन. "आजी, मला माझ्या यंत्राचाच संशय येतोय," ती म्हणाली. "तुमच्या वाडीतली सगळीच म्हातारी माणसं एवढी अशक्त कशी? आणि आत्ता येताना ते 'आई गे'वाले आजोबा मला झाडावर दिसले."

आता काकीची कोंडी झाली. जोर दाखवला तर एसटी जाणार, नाही दाखवला तर घर. ती अक्षयाला म्हणाली, "एसटीवाल्यांका सांगूचंय नाय, अशी भराडी देवीची आण घे."

"एसटीवाले?" अक्षयाला काही कळेना. मीच तिला सगळं सांगितलं. ती आधी हसली, मग तिचा चेहरा उतरला. कानाला हात लावून तिने आण घेतली. काकीने यंत्र उचललं आणि असं दाबलं की अक्षयाने आकडा दोनदा वाचला. खुर्चीतून ती हात न टेकता उठली-बसली, अंगणाच्या टोकापर्यंत झपाझप जाऊन आली.

दत्ता मात्र हटेना. "त्या दिवशी नाटक केलंस ता आज म्हणतंस. आज नाटक करतंस ता कधी सांगतलंस?"

"मेल्या, उठान-बसान दाखवलंय, आता काय उडान दाखवू?"

"एकच राहिलं," अक्षया म्हणाली. "आजी, एका पायावर उभ्या राहा."

डाव्या पायावर काकी बगळ्यासारखी उभी राहिली. मग उजवा टेकला, डावा उचलला, आणि ती झुकली. हात हवेत काहीतरी शोधत गेला आणि पडवीचा खांब सापडला. तोंडावरचा रंग उडाला होता. नाटक करणारं माणूस आधी कोण बघतंय ते बघतं. काकीने कुणाकडेच बघितलं नाही.

"ह्या काय?" दत्ताने विचारलं.

काकीने पदर सारखा केला. "ह्याच नाटक. तुका फसवूक."

अक्षया काही बोलणार होती. काकीने तिच्याकडे एक नजर टाकली. "रोज खांबाला धरून थोडा वेळ असंच उभं राहत जा," एवढंच अक्षया खाली बघत म्हणाली. दत्ताने एकदा खांबाकडे, एकदा आईच्या पायांकडे बघितलं आणि रिकाम्या पिशव्या घेऊन तो निघाला.

दिवेलागणीला मला दत्ताचा फोन आला.

"किशोरीवहिनी, खरा सांगा. ता शेवटचा नाटकच होता मां?"

काकी माझ्याच पायरीवर बसून भाजलेले काजू फोडत होती. त्याचा आवाज ऐकल्याबरोबर तिने मानेने 'होय म्हण' असं खुणावलं.

"तू बाग विकतंस काय रे?" मी त्यालाच विचारलं.

"कोणी सांगल्यान? वहिनी, माका रात्रीची झोप नाय. आई मागीलदारच्या पायऱ्यांवर पडली तर कोणाक कळतला?"

आवाज ऐकून माझीच मला लाज वाटली. मी काकीसमोर फोन धरला. "काकी, मी खोटा बोलूचंय नाय आणि चाडीय करूचंय नाय. तूच सांग."

काकीने मला मनातल्या मनात काय काय म्हटलं ते मला स्पष्ट ऐकू आलं. तिने पदराला बोटं पुसली आणि फोन घेतला.

"दत्ता, उजवो पाय लटपटता. गेल्या पावसापासून. पण मी खंय येवचंय नाय, सांगान ठेवतंय."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग, "ह्या खरा मां, आई?"

"येवन बघ."

"शनवारी येतंय. सुताराक घेवन. मागीलदाराक कठडो घालूया."

"ये. काजू पण काढूचे आसत."

तिने फोन माझ्या हातात दिला. बंद कसा करतात ते तिला माहीत नव्हतं, आणि मीही केला नाही.

"रडता मेलो," ती पुढचा काजू फोडत म्हणाली. "ल्हान होतो तेव्हा पण असोच, पडलंय मी तरी रडता होच."

"आई, आयकतंय मी," फोन म्हणाला.